'एसीत बसून लिहिणाऱ्यांना' : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता साहेब,

(खरं नाव तुम्ही टाकलेलं नाही म्हणून टोपणनावानेच हाक मारतोय, राग नसावा.)

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, बायको म्हणाली आत्ता नका लिहू, सकाळी लिहा, म्हणून आज लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'आठवणी डिलीट करा' या लेखात मी लिहिलं होतं की त्रास देणारी आठवण वर यायला लागली की तिला तिथंच अडवायचं, हे ठरवून आणि वारंवार केलं की ती पुसट होत जाते, आणि सरावाने हे जमतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मन म्हणजे मोबाईल नाही फोटो डिलीट करायला, दाबलेलं सगळं दुप्पट जोराने वर येतं, पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग मला माहीत नसावा, आठवणी दाबण्यावर प्रयोग करणाऱ्या अँडरसनचे निकाल दुसऱ्यांना मिळालेच नाहीत, असले लेख वाचून लोक उपचार सोडतील, त्या 'विसरायच्या गोळी'बद्दल मी गप्प का, आणि सगळ्यात शेवटी, "पुण्यात एसीत बसून लिहिणाऱ्यांना खरं दुःख काय असतं ते कळणार नाही."

आधी जे मान्य आहे ते मान्य करून टाकतो. 'आठवणी डिलीट करा' हे शीर्षक भडक होतं. 'पुसट करा' चाललं असतं. झालं?

आता तो एसी. बाकीच्या मुद्द्यांवर वाद घालायला मला आवडलं असतं, तुम्ही नीट विचारलं असतं तर बसून सविस्तर उत्तर दिलं असतं, पण ज्या माणसाला आपण ओळखत नाही, ज्याच्या घरात काय घडलंय याचा पत्ता नाही, त्याला डायरेक्ट 'तुला दुःख कळणार नाही' म्हणायचं ही कुठली पद्धत? ही समीक्षा नाही, हा उर्मटपणा झाला. तुम्हाला राग येईल पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

मी औसा तालुक्यातला आहे. किल्लारी आमच्या गावापासून लांब नाही आणि माझी सख्खी आत्या किल्लारीत दिलेली. भूकंपाची ती वेळ, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, हे मला गुगल करावं लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून उशिरा येऊन झोपले होते. आमच्याकडची जुनी घरं तुम्ही पाहिली असतील तर तुम्हाला समजेल, दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा थर, दरवर्षी पावसाळ्याआधी वरून आणखी माती टाकायची, वजन वाढतच जायचं. उन्हाळ्यात गारवा छान. ते सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. मी सातवीत होतो. आत्याचा धाकटा पोरगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, त्यात गेला. वर आणि पाऊस सुरू झाला होता, त्या चिखलात सरण पेटत नव्हतं. एवढंच लिहितो, जास्त लिहिणार नाही, कारण तुमच्यासारख्यांना पुरावा द्यायला मी माझ्या घरातलं माणूस वापरतोय याचीच मला लाज वाटतेय. पण तुम्हीच ती वेळ आणलीत.

आत्याने काय केलं ते ऐका. ती त्या रात्रीबद्दल बोलली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हा फॉर्म घेऊन लोक यायचे, 'माई, त्या रात्री काय झालं, मोकळं व्हा, रडा' म्हणायचे. ती म्हणायची, "तुम्हास्नी म्हाईतच हाय की, लिवा तुम्हीच." आणि उठून चुलीकडं जायची. गणपती बुडवायच्या दिवशी हलगी वाजायला लागली की आम्ही सगळे तिच्याकडं बघायचो. ती सूप घ्यायची आणि तूर निवडत बसायची. कानावर हात ठेवले नाहीत, घरात जाऊन बसली नाही, हलगी ऐकतच बसायची आणि खडा बाजूला, दाणा बाजूला, खडा बाजूला, दाणा बाजूला. मी एकदा मोठा झाल्यावर धीर करून विचारलं, आत्या, आठवण येत नाही का गं? म्हणाली, "यायला लागली की म्या येऊ देत न्हाई." आणि आज तिला विचारा त्या रात्री पोराच्या अंगात कुठला शर्ट होता, कोणत्या बाजूला झोपला होता, तर तिला सांगता येत नाही. खरंच येत नाही, मी तिचा चेहरा ओळखतो. जावांना, नणंदांना आठवतं, तिला नाही.

मायकेल अँडरसन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात जे छापलं ते याच्यापेक्षा वेगळं काय आहे? शब्दांच्या जोड्या पाठ करून घेतल्या, मग जोडीतला एक शब्द समोर दाखवला आणि सांगितलं की शब्दाकडं बघत राहा पण त्याचा जोडीदार मनात येऊ देऊ नका. असं वारंवार केल्यावर तो जोडीदार आठवायचं प्रमाण कमी झालं, आठवलं तर पैसे देतो म्हटलं तरीही. पुढे २००४ ला मेंदूचे स्कॅन काढले तर कपाळामागचा भाग जास्त काम करत होता आणि हिप्पोकॅम्पस, जिथून आठवण वर येते, तो थंडावला होता. म्हणजे ब्रेक खरोखर लागतो. आत्याने 'नेचर' वाचलेलं नाही. हलगी म्हणजे समोर दाखवलेला शब्द, एवढं तुमच्या लक्षात आलं तरी पुरे.

हो, आणि तुम्ही म्हणाल लपवलं म्हणून मीच सांगून टाकतो, ती स्लॅबच्या खोलीत आजही झोपत नाही. पुनर्वसनात घर मिळालं, पक्कं आहे, भूकंपाचा विचार करून बांधलेलं आहे, पण ती बाहेर पत्र्याखालीच झोपते, थंडीतसुद्धा. पण तो वेगळा विषय आहे. ते अंगात बसलेलं भय आहे, प्रसंगाची आठवण नाही, भीतीचं काम मेंदूत अमिग्डालाकडं असतं आणि प्रसंग आठवायचं काम हिप्पोकॅम्पसकडं, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. त्यामुळे 'बघा, दाबलेलं बाहेर आलंच' असली कमेंट कृपया टाकू नका, मी काढून टाकेन.

अस्वल. मानसशास्त्रज्ञ वेग्नरचा १९८७ चा प्रयोग मला माहीत आहे हो, तो आता व्हॉट्सअ‍ॅपवर पण फिरतो. लोकांना सांगितलं पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. आता घंटी वाजवायची म्हटल्यावर माणूस अस्वल आलं का, आलं का हेच बघत बसणार ना! आणि त्याच पेपरात पुढचा भाग आहे, तो कोणी सांगत नाही. काही जणांना सांगितलं होतं की अस्वल मनात आलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगनचा विचार करा, तर त्यांच्यात नंतरची ती उसळी, म्हणजे बंदी उठल्यावर अस्वल जास्तच आठवणं, कमी झाली. तुम्ही पेपर वाचला असतात तर ही फोक्सवॅगन तुम्हाला दिसली असती. आपल्याकडं पतंजलीने प्रतिपक्षभावन म्हणून ठेवलंय, वाईट विचार छळायला लागले की उलट विचार धरा, त्याला कित्येक शतकं झाली. पण आपलं जुनं काही म्हटलं की तुमच्यासारख्यांना लगेच वास येतो, त्यामुळे असो.

दुसऱ्यांना अँडरसनचे निकाल मिळाले नाहीत म्हणता, ते २००६ चं. एका टीमला नाही मिळाले. नंतर पुष्कळांना मिळाले, काहींना नाहीही मिळाले. २०२३ मध्ये याच अँडरसनने सहकारी संशोधक झुल्काय्दा ममतबरोबर १६ देशांतल्या १२० लोकांना ऑनलाइन तीन दिवस हेच शिकवलं, भीतीच्या, नकोशा विचारांना अडवायचं, आणि लोकांची तब्येत बिघडली नाही, उलट चिंता कमी झाली. यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

उपचार सोडा असं मी कुठं लिहिलंय ते वाक्य कॉपी करून दाखवा. नाही सापडणार. उलट 'बोला, बोला, मोकळे व्हा' हेच प्रत्येकाला लागू पडतं असं धरून चालणारे तुम्ही आहात. संकटानंतर लगेच माणसाला धरून एका बैठकीत सगळं बोलायला लावायचं, या प्रकाराचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २००२ मध्ये आढावा घेतला होता, त्यात फायदा दिसला नाही, काही जणांना तर त्रासच झाला असावा असं निघालं. प्रशिक्षित माणसाकडून व्यवस्थित, बरेच दिवस चालणारी थेरपी वेगळी, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही आणि माझा लेख त्याच्यावर नव्हताच.

राहता राहिली गोळी. ती मी 'लपवली' नाही, तो विषय मोठा आहे म्हणून बाजूला ठेवला. २००० मध्ये नेडर आणि लेडू या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की जुनी भीतीची आठवण जागी केली की ती थोडा वेळ कच्ची होते आणि तेव्हा तिला धक्का लावता येतो. त्यावरून मॉन्ट्रियलमध्ये ब्रुने नावाच्या संशोधकाने प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचं औषध देऊन, प्रसंग लिहून-वाचून घेऊन माणसांवर प्रयोग केले. प्रसंग आठवतो पण त्यातली धार बोथट होते, असं त्याचं म्हणणं आहे. लेख येईल तेव्हा वाचा, किंवा नका वाचू. फक्त बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, घरात कोणाची ही गोळी पडलेली असेल तर ती मनाने घेऊ नका, विशेषतः दमा असेल तर अजिबात नाही, आधी डॉक्टरला विचारा.