नाझ एटचा इंटरव्हल

परवा लेकीच्या कामासाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला गेले होते, काम लवकर आटपलं आणि गाडी आपोआप गेटवे प्लाझा या शॉपिंग सेंटरकडे वळली. पार्किंगमध्ये दहा मिनिटं नुसती बसून राहिले. तिथल्या नाझ एट या हिंदी सिनेमाच्या थिएटरची पाटी जाऊन इतकी वर्षं झाली तरी मान तिकडेच वळते. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी झालीये, सवडीने वाचा.

मी २००० च्या जानेवारीत लग्न होऊन नाशिकहून थेट इथे आले, एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला मिळतो तो. तेव्हाचा एच-फोर म्हणजे काय ते त्या काळात आलेल्या बायकांनाच कळेल, काम करायची परवानगी नाही (ती काही जणींना मिळायला लागली थेट २०१५ मध्ये), गाडी येत नाही, नवरा सकाळी आठला गेला की रात्री आठला येणार, आणि खिडकीतून बघावं तर रस्त्यावर माणूस नाही. फ्रीमॉन्ट हे खरं तर १९५६ साली पाच छोटी गावं एकत्र करून बनवलेलं शहर, त्यामुळे आपल्या गावाला असते तशी मेनरोडची गजबज त्याला नाहीच. रुंद रस्ते, पार्किंगची मैदानं, आणि मधूनमधून शॉपिंग सेंटर. त्यातल्याच एकात, बार्टच्या (इथल्या लोकल ट्रेनच्या) स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागी, आठ स्क्रीनचं नाझ एट होतं. आमच्या अपार्टमेंटपासूनही चालत. माझ्यासाठी हे "चालत" फार महत्त्वाचं होतं.

शिराझ जिवानी नावाच्या माणसाने ते उभं केलं. आधी त्याने सेंटरव्हिल भागातल्या जुन्या सेंटर थिएटरमध्ये हिंदी सिनेमे लावले, ते चालले, मग १९९८ मध्ये हे आठ पडद्यांचं. हिंदी तर असायचेच, पण तमिळ, तेलुगू, चायनीज, फिलिपिनो असेही सिनेमे लागायचे. काउंटरवर पॉपकॉर्नच्या शेजारी समोसा आणि चहा! आणि इंटरव्हल असायचा, खराखुरा, दिवे लागणारा. आज ऐकायला साधं वाटेल पण अमेरिकेत येऊन तीन आठवडे झालेल्या मुलीला पहिल्यांदा तो दिवा लागल्यावर काय वाटलं असेल विचारा, मी तर रडलेच, सिनेमा विनोदी होता तरी. नाशिकच्या सर्कल थिएटरला मैत्रिणींबरोबर बसायचे ते सगळं एकदम आठवलं.

मग मी दुपारच्या शोला एकटी जायला लागले. नाशिकला एकटीने कधी सिनेमा बघितला नव्हता. तिथे माझ्यासारख्याच चार-पाच जणी ठरलेल्या दिसायच्या, आधी नुसतं हसणं, मग "कुठल्या तुम्ही?", त्यातली एक विजयवाड्याची, एक लाहोरची. माझ्या आजच्या सगळ्यात जवळच्या दोन मैत्रिणी त्या लॉबीत भेटल्यात. २००१ मध्ये आयटीत नोकऱ्या जायला लागल्या, नवऱ्याचीही गेली, आणि तेव्हा एच-वनवाल्यांना नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला आत्तासारखी साठ दिवसांची मुदत पण नव्हती, त्या दिवसांत कुठे जागा निघालीये हे आम्हाला त्याच लॉबीत चहा पिताना कळायचं. नवऱ्याला पुढची नोकरी मिळाली ती अशाच एका ओळखीतून.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. 'लगान' लागला होता, पावणेचार तासांचा सिनेमा, आई एवढा वेळ बसतील का मला धाकधूक. आशुतोष गोवारीकर नाव पडद्यावर आलं तेव्हा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आपला आहे ना गं हा?" आणि पुढे शेवटपर्यंत हलल्या नाहीत. इंटरव्हलला मी चहा आणायला गेले, परत येऊन बघते तर आई शेजारच्या एका डोक्यावर ओढणी घेतलेल्या म्हाताऱ्या बाईंशी बोलतायत. त्या काबूलच्या होत्या. फ्रीमॉन्टमध्ये अफगाण लोक खूप, सेंटरव्हिलच्या त्या भागाला लिटल काबूलच म्हणतात. त्यांचं हिंदी सगळं सिनेमातून आलेलं, आईंचं हिंदी नाशिकच्या भाजीबाजारातलं, पण दोघींचं काय जमलं! आपल्या सुना दिवसभर घरात कशा एकट्या असतात यावर बोलत होत्या. आई घरी येऊन मला म्हणाल्या, "तुला इथे इतकं एकटं वाटत असेल, मला ठाऊक नव्हतं गं." एवढं सरळ आम्ही दोघी आधी कधी बोललोच नव्हतो.

आता जे म्हणायचंय ते म्हणते, काही जणांना आवडणार नाही. नाझ एट का गेलं तर लोक म्हणतात काळ बदलला, मोठ्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी हिंदी सिनेमे लावायला सुरुवात केली. ते खरंच आहे. पण त्याच्याही आधी आपण काय करत होतो? इंडियन ग्रोसरीत तांदळाच्या पोत्यांशेजारी डीव्हीडीचे ढीग असायचे, शुक्रवारी रिलीज झालेला सिनेमा पुढच्या शुक्रवारी तिथे, एक-दोन डॉलरमध्ये अख्खं घर बघणार. लेक झाल्यावर आम्हीही आणल्या. पैसे नव्हते म्हणून नाही, तेव्हा पगार चांगला होता, घर घेतलं होतं. सोयीचं होतं म्हणून. ज्या जागेने मला पहिली दोन वर्षं सांभाळलं तिच्याकडे मी अशी पाठ फिरवली, आणि माझ्यासारख्या हजारोंनी. ते दशक संपता संपता नाझ एट हे नाव गेलं, रिलायन्सचं बिग सिनेमाज आलं, पुढे तेही गेलं.

फ्रीमॉन्टमधल्याच नाइल्स गावात चार्ली चॅप्लिनने १९१५ च्या सुमाराला शूटिंग केलं होतं, तिथे त्या मूकपटांचं म्युझियम आहे, आवर्जून जा, फार छान जपलंय. नाझ एटबद्दलही कोणीतरी लिहून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं. आमच्या मुलांना वाटतं हिंदी, तेलुगू सिनेमे इथे पहिल्यापासून लागतच होते. आणि मराठीचं बघा, अजूनही बऱ्याचदा मंडळातले चार जण धडपड करून रविवार सकाळचा एखादा शो मिळवतात, तिकिटं खपवायला फोन करतात, आणि आपण म्हणतो ओटीटीवर येईलच की. हे ऐकलं की मला ते डीव्हीडीचे ढीग आठवतात.

गेल्या महिन्यात लेकीबरोबर एका मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये हिंदी सिनेमा बघितला. खुर्च्या आडव्या होणाऱ्या, आवाज झकास. मध्येच पडद्यावर मोठ्या अक्षरात 'इंटरव्हल' आलं. मी पर्स उचलून अर्धी उभी राहिले. दिवे काही लागले नाहीत, चार सेकंदात पुढचा सीन सुरू झाला. लेक म्हणाली, "आई, कुठे चाललीस?"