तोरणमाळचा चढ, सराटे आणि ‘हायवेच बरा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. सायकलने फिरायला सातपुड्यातले रस्ते ‘शांत’ म्हणून मी सुचवले होते. तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा–तोरणमाळ केलंत. घाटात सायकल ढकलावी लागली, दोन पंक्चर झाले, शहाद्यात ट्यूब मिळाली नाही, पाणी संपलं. परतताना मोलगीकडे गेलात तर बाजाराच्या जीपांनी रस्ता भरलेला. म्हणून तुमचा निष्कर्ष असा की असे रस्ते लोकांना सुचवू नयेत, त्यापेक्षा चौपदरी हायवेच्या कडेने जाणं बरं.

अडचणी सगळ्या खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. घाट उभा आहे, वळणं आखूड आहेत, वर कारखाना नाही आणि मोठी बाजारपेठही नाही, म्हणून ट्रक तिकडे फिरकत नाही. तुम्हाला ज्याचा त्रास झाला त्याच गोष्टींमुळे तो रस्ता मोकळा राहिला आहे. तेव्हा तयारी रस्त्याच्या मापाने करायला हवी.

आधी चढाचं बोलू. सातपुडा काय, अजिंठ्याची रांग काय, हे सगळे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत, एकावर एक आडवे पसरलेले. घट्ट थराची कड उभी तुटते, मऊ थर झिजून सपाट पट्टा होतो. म्हणून इथला चढ एकसारखा नसतो. बराच वेळ जवळपास सपाट, मग एकदम उभा कडा, मग पुन्हा थोडी सपाटी. शहादा दीडशे मीटरांच्या आसपास, तोरणमाळ हजाराच्या वर. एकूण चढाला अंतराने भागून ‘सरासरी दोन टक्के’ असा आकडा काढला तर तो फसवा ठरतो. म्हसावदवरून राणीपूरपर्यंत पायांना फारसं काही जाणवत नाही, जवळपास सगळी उंची त्यापुढच्या घाटात गाठायची असते. घाटातल्या सातपायरीच्या वळणांवर तर आतल्या बाजूने वळलं की चढ आणखी उभा होतो. समोरून काही येत नसल्याची खात्री करून वळणाच्या बाहेरच्या बाजूने जा, अंतर थोडं वाढतं पण गुडघे वाचतात.

आता तुमचे गिअर. पुढच्या चक्रीला 34 आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला 28 दाते, 28 मिलिमीटरचे टायर, असं तुम्ही लिहिलं आहे. पॅडलचा एक फेरा म्हणजे साधारण 2.6 मीटर. मिनिटाला 60 फेरे ठेवायचे तर ताशी नऊ किलोमीटरच्या वर वेग हवा. तुम्ही, सायकल, सामान आणि पाणी मिळून 100 किलो धरले, तर आठ टक्के चढावर त्यासाठी सव्वादोनशे वॅट सतत लागतात. तासभर तेवढा जोर कसलेल्या सायकलपटूलाच जमतो. फेरे 40 वर आले की गुडघ्यावर भार येतो आणि माणूस उतरून ढकलू लागतो. यात तुमची तब्येत कमी पडली असं अजिबात नाही. साध्या हायब्रिडला पुढे 28 आणि मागे 34 दाते मिळतात. तिथे एक फेरा सुमारे 1.8 मीटरचा, वेग ताशी साडेसहा आणि जोर दीडशे वॅटच्या आसपास. घाट तोच, पण बसून चढता येतो. फक्त मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बदलून भागेल असं समजू नका. चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा तो डिरेलर, आणि आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला 34 दाते सहसा झेपत नाहीत. लाँग केज म्हणजे लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि थोडी लांब चेन, दोन्ही सोबत बदलावं लागतं. जुनी चेन तशीच ठेवली आणि चुकून पुढची आणि मागची दोन्ही मोठ्या चक्र्यांवर चेन पडली, तर डिरेलर ताणून हँगर, म्हणजे डिरेलर अडकवायची पट्टी, वाकतो. हँगर आपल्या भागात शोधून सापडत नाही, एक जादा जवळ असू द्या.

पंक्चरबद्दल तुम्ही सराट्यांना दोष दिलात. पहिलं पंक्चर सराट्याचं असेलही. तासाभरात झालेलं दुसरं मात्र बहुतेक त्याच टायरमध्ये राहिलेल्या काट्याचं असावं. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा टायरमध्ये शिरून बाहेरच्या अंगाने रबराशी सपाट तुटतो. वरून हात फिरवला तर काहीच लागत नाही. ट्यूबचं भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून त्याचं अंतर बघा आणि टायरच्या आतून नेमकी तीच जागा बोटाला फडकं गुंडाळून चाचपा. मोहरीएवढं टोक फडक्याला अडकतं. ते आतून बाहेर ढकलायचं आणि बाहेरून चिमट्याने ओढायचं. हे न करता नवी ट्यूब घातली तर तिचीही हवा काही मिनिटांत जाते. थांबतानाही सायकल कडेच्या गवतात घालू नका, डांबरावरच उभी करा. सराटे पावसाळा सरल्यावर वाळून तिथेच पसरलेले असतात.

शहाद्यात ट्यूब न मिळण्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडच्या दुकानात 28 इंची साध्या सायकलची ट्यूब मिळते आणि तिचा व्हॉल्व्ह जाड असतो. तुमच्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं, त्यात तो जात नाही. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हचं भोक असलेल्या रिममध्ये मात्र 38 मिलिमीटरच्या टायरखाली हीच ट्यूब अडचणीला चालून जाते. लांबच्या फिरतीसाठी मी त्याच रिमचा आग्रह धरतो. दोन जादा ट्यूब, पॅच, हातपंप आणि मागच्या चाकाच्या मापाचे तीन आरे सोबत ठेवा. आरा तुटतो तो बहुतेक वेळा मागचा, गिअरच्या बाजूचा. टायर 38 चे घेऊन पुढे 45 आणि मागे 55 पीएसआय हवा ठेवली तर उखडलेल्या खडीवरही रिमला मार बसत नाही.

पाण्याचं गणित दगडाशीच बांधलेलं आहे. काळ्या पाषाणात पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. दिवाळीत भरभरून येणारा हापसा म्हणूनच होळीपर्यंत कोरडा पडू शकतो. नकाशावर विहीर दिसली म्हणून त्या भरवशावर निघू नका. म्हसावदला चार लिटर भरून घ्या, ओआरएसच्या दोन पुड्या, केळी आणि गूळ-शेंगदाणे ठेवा. फेब्रुवारीतल्या दुपारी चढावर तासाला पाऊण ते एक लिटर सहज जातं. खरं तर दुपारी घाटात असूच नये. पहाटे शहाद्यातून निघालं तर ऊन तापायच्या आत वर पोहोचता येतं. मार्चनंतर तर मी कोणालाच जा म्हणणार नाही.

उतरताना रिमवर दाबणारे ब्रेक (रिम ब्रेक) सतत धरून ठेवू नका. रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, मग पूर्ण मोकळे, असं करा. मधल्या सपाटीवर थांबून रिम गार होऊ द्या. थांबताना एक बघा : कापलेल्या दरडीत काळ्या दगडाच्या मधोमध विटकरी मातीचा पट्टा दिसतो. पावसात तो पट्टा भिजून ढासळतो, वरच्या काळ्या शिळेचा आधार जातो आणि ती खाली येते. अशा पट्ट्याखाली सावली छान वाटली तरी बसू नका. कोठारकडून धडगावला चढणारा चांदसैली घाट याच कारणाने भर पावसाळ्यात टाळावा.

जीपांची रांग हा बाजाराच्या वाराचा प्रश्न आहे. मोलगी, धडगावचा आठवडे बाजार असेल त्या दिवशी अख्खा डोंगर रस्त्यावर येतो, आणि ती माणसं त्यांच्या कामाला निघालेली असतात, रस्ता आधी त्यांचा. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार, काठी गावची होळी, महाशिवरात्रीची तोरणमाळची यात्रा, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, या दिवसांत शांततेची अपेक्षाच धरू नये. वार आधी विचारून घ्या. ऊसतोडीच्या दिवसांत शहाद्याजवळ दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, त्यांना मागून ओलांडताना दुसरी ट्रॉली आत सरकते हे लक्षात ठेवा.

आणि हायवे? सुरत–नागपूर रस्त्याच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात. त्या काट्यापेक्षा वाईट, कारण डोळ्याला दिसत नाहीत. त्याच कडेने उलट्या दिशेच्या मोटारसायकली येतात, तिथेच ट्रक उभे असतात, आणि कोंडाईबारी घाटाच्या उतारावर तुम्हाला बाजूला व्हायला जागा उरत नाही. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याला तर कित्येक ठिकाणी कडच नाही, वर केळीचे ट्रक. तिथे मी नवख्याला पाठवणार नाही.

गिअर बदलायचे नसतील तर आधी चाळीसगाव–पाटणादेवी करा. डोंगराच्या कुशीत जाऊन संपणारा रस्ता असल्याने पलीकडे जाणारी वाहतूक नाही. पायांना सवय झाली की सावदा–खिरोदा–पाल. त्यानंतर सोयगावहून वेताळवाडी किल्ल्याच्या पायथ्याने हळद्याचा घाट, तो आखूड आहे. तिथे बसून, न थांबता चढता आलं तर तोरणमाळला जायला हरकत नाही. साक्री–नंदुरबारकडे वळलात तर मात्र सावध राहा. तिथे लाव्ह्याच्या उभ्या भिंती साधारण पूर्व–पश्चिम कित्येक किलोमीटर पसरल्या आहेत. उत्तर–दक्षिण रस्त्याला त्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात, आणि असे छोटे-छोटे चढ एका सलग घाटापेक्षा जास्त दमवतात. रस्ता भिंतींना समांतर निवडा आणि पश्चिमेकडे जायचं असेल तर सकाळीच जा, उन्हाळ्याच्या तोंडाला दुपारी समोरून वारा सुटतो.

तुमच्या मागच्या चाकाच्या रिमवर आतून लिहिलेलं माप आणि डिरेलरचं मॉडेल इथे खाली कळवा. 34 दात्यांची कॅसेट त्यावर बसेल का आणि चेन किती कड्यांची लागेल, तेवढं नक्की सांगतो.