पलतड

आज सकाळपासून डोकं फिरलंय. आधी वाटलं, जाऊ दे, कशाला लिहायचं. पण संध्याकाळ झाली तरी आतलं काही निवेना, म्हणून बसलेच.

आरोंदा हे आमचं गाव सिंधुदुर्गात, तेरेखोल नदीच्या काठावर; नदीपलीकडे गोवा. तिथली एक काकी तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, विकते. वय सत्तरीच्या पुढे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुडघाभर चिखलात उतरायचं, तिसऱ्या काढायच्या, रात्रभर पाण्यात ठेवून वाळू सोडवायची आणि सकाळी पाटी घेऊन किरणपाणीचा पूल ओलांडून पलीकडे गोव्यातल्या बाजारात बसायचं. पूल नव्हता तेव्हा ती फेरीबोटीने जायची. आज तिची गाडी चुकली. मलाही पलीकडे काम होतं, म्हणून तिला स्कूटरवर घेतलं. तिने नेहमीच्या जागी गोणपाट पसरलं, वाटे लावायला घेतले, तेवढ्यात एक पोरगा आला. बावीस-तेवीसचा असेल. म्हणाला, "भायल्यांक हांगा जागो ना."

भायले. बाहेरचे.

काकी काही बोलली नाही. पाटी उचलली, दोन हात बाजूला सरकली आणि परत बसली. मीच भांडले. तो पोरगा निघून गेला, पण आजूबाजूला बसलेल्यांपैकी एकीनेही मान वर केली नाही. मला ते जास्त लागलं.

माझ्या आजीचं माहेर पालये. म्हणजे नदीच्या पलीकडे, किरणपाणीच्या बाजूला. १९५१ साली तिचं लग्न झालं, ती होडीतून आरोंद्यात आली. तेव्हा पलीकडे पोर्तुगीज, आजीच्या भाषेत पाखले. तरी नाती चालायची, होड्या चालायच्या. मग १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्यापुढे पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर सगळी सीमाच आवळली गेली. आजीचं माहेर डोळ्यांसमोर होतं. माड मोजता यायचे. पण जाता येत नव्हतं.

१९५७ च्या श्रावणात आजीचा भाऊ पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. त्याने हाका मारल्या. वारा उलटा होता, पाण्याला ओढ होती, तिला शब्द काही ऐकू येईनात. शेवटी त्याने टोपी काढली आणि मान खाली केली. डोकं तासलेलं. आजीला आपला बाप गेल्याचं असं कळलं. ती तिथेच नदीत उतरली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या लुगड्याने घरी आली.

ही गोष्ट आजीने मला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. दर वेळी ती "पलतड" म्हणायची. "पलतडी माजो भाव उभो होतो." तिच्या तोंडी गोवा हा शब्द मी क्वचितच ऐकला. पलतड म्हणजे समोरचा काठ. पाणी मध्ये आहे एवढंच त्या शब्दात आहे. इथल्या बायकांनी, होडीवाल्यांनी शेकडो वर्षं हाच शब्द वापरला. आणि आता बावीस वर्षांचा पोरगा आम्हाला भायले म्हणणार?

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेरेखोल नदी सह्याद्रीतून, मनोहरगडाच्या बाजूने उतरते. बांद्याला तिला बांद्याची नदी म्हणतात. पुढे ती सावंतवाडी तालुका आणि पेडणे तालुका यांच्या मधून वाहते. अलीकडे सातार्डा, आरोंदा आणि पुढे वेंगुर्ला तालुक्यातलं रेडी. पलीकडे न्हयबाग, पालये, केरी. आणि शेवटी मुखाशी तेरेखोलचा किल्ला. तो किल्ला आणि त्याखालचं गाव नदीच्या उत्तरेला आहे, म्हणजे आमच्या काठाला. पण ते गोव्यात आहे! किल्ला बांधला सावंतवाडीकरांनी, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, तेव्हापासून तो तुकडा तिकडचा. आजही तेरेखोलच्या माणसाला बाकीच्या गोव्यात जायचं तर एक तर केरीची फेरीबोट, नाही तर महाराष्ट्रातून वळसा. तो आमच्या रेडीतून गाडी घेऊन जातो तेव्हा त्याला कोणी भायलो म्हटलंय? म्हणून दाखवा. आमच्यात ती रीतच नाही.

पेडणे तालुका तरी कधीपासून "तिकडचा"? १७८८ पर्यंत तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडेच होता. दोन्ही काठांना रवळनाथ, दोन्ही काठांना सातेरी, वेतोबा. दशावतारी नाटकं आमच्याकडून जातात आणि पेडण्याच्या देवळांपुढे पहाटेपर्यंत रंगतात, ती समजायला कोणाला दुभाष्या लागत नाही. पेडण्याच्या पुनवेला आमच्याकडून माणसं जातात. चतुर्थीला आम्ही माटवी म्हणतो, ते माटोळी म्हणतात, पण वर बांधायची रानफळं तीच. आडनावं बघा. केरकर सावंतवाडीत, आरोंदेकर पणजीत, पेडणेकर तर मुंबईभर. गाव सोडताना माणसाने गावाचं नाव बरोबर नेलं. त्यातले भायले कोण, निवडून दाखवा.

आता पोटाचं. सकाळी सहा-सातला बांद्याच्या बाजूला उभं राहा आणि दुचाक्या बघा. हॉटेलांत, कारखान्यांत, बांधकामांवर, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून तिकडेही. आमची पोरं रोज जातात, रात्री परत येतात. अपघातात किती घरं बसली ते आम्हाला विचारा. आमच्याकडचे काजूचे बोंडू तिकडच्या भट्ट्यांना जातात, कारण फेणी तिकडची. इकडे बाकीचे बोंडू झाडाखाली कुजतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमच्या बायका, सावंतवाडीच्या मंगळवारच्या बाजारात तिकडची गिऱ्हाइकं. आणि पाणी? तिळारीचं धरण दोडामार्गात. आयनोडे, पाट्ये, सरगवे ही गावं उठली आमच्या जिल्ह्यातली आणि पाण्याचा मोठा वाटा जातो गोव्याला. जावा! पाणी अडवून ठेवावं असं माझं म्हणणं नाही. पण पाणी घेताना ते भायलं नसतं आणि तिसऱ्यांची पाटी मात्र भायली असते, हे मला कळत नाही.

आता काही जण कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच बोलते. गोवा लहान आहे. दिल्ली-मुंबईच्या पैसेवाल्यांनी डोंगरच्या डोंगर विकत घेतले, किनारे गेले, तिथल्या माणसाचा जीव गुदमरतो. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात त्यांनी महाराष्ट्रात न जाता वेगळं राहायचं ठरवलं, तो त्यांचा हक्क होता. इस्पितळांवर ताण पडतो, त्यांच्या कराचा पैसा आहे. मान्य. सगळं मान्य. पण डोंगर विकत घेणाऱ्याला कोणी "जागो ना" म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याला खुर्ची देतात. ऐकावं लागतं ते गोणपाटावर बसलेल्या बाईला.

आणि हो, आमची माणसंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. रात्रीची रेती काढणारे दोन्ही काठांचे आहेत. होड्या इकडच्या, ट्रक तिकडचे, कधी उलट. रेती उपसून उपसून नदीचा तळ खोल गेला, काठ ढासळले, माड मुळासकट पाण्यात गेले. भरतीचं खारं पाणी बांध फोडून शेतात येतं, मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, मोडल्या की दोन्हीकडची खाजनं, खाडीकाठची शेतं, नापीक. आणि तिसऱ्या कमी झाल्या. काकी म्हणते, आधी एका सुकतीत पाटी भरायची, आता तीन सुकत्या लागतात. त्या पोराला खरंच राग काढायचा असेल तर रात्री काठावर जाऊन उभा राहू दे. मी येते बरोबर.

लिहिता लिहिता राग दुसरीकडेच वळतोय.

कारण खरं सांगायचं तर आम्हाला पलीकडे जाऊन हात पसरायची वेळ कोणी आणली? आमच्याच सरकारांनी. मुंबईपासून पाचशे किलोमीटरवर आम्ही, नकाशाच्या शेपटाला. सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज यायला २०२१ उजाडावं लागलं. तोवर बाळंतपण अडलं, डोक्याला मार लागला, की गाडी गोव्याकडे. पलीकडच्या डॉक्टरांनी आमची किती माणसं वाचवली, हे विसरले तर माझ्यासारखी कृतघ्न मीच. माझ्या वडिलांना त्यांनीच वाचवलं. त्या रात्री कोणी गाव विचारलं नाही. नर्स म्हणाली, "भियेवं नाका." तीही पलतडचीच होती, आणि तिचे शब्द मला आजच्या त्या पोराच्या शब्दांइतकेच स्पष्ट आठवतात.

कारखाने आले नाहीत. बोंडवावर प्रक्रिया करू म्हणून दर निवडणुकीला सांगतात. सावंतवाडीच्या पुढे महाराष्ट्र संपतो असंच वरच्यांना वाटतं. आमची भाषा मालिकांत विनोदासाठी बरी, आणि आम्ही पर्यटनाच्या जाहिरातीत. पेट्रोल भरायला आणि बाटली आणायला जायची जागा एवढीच या सीमेची ओळख करून ठेवली. गेल्या आठवड्यात कोणीतरी मला एक रील पाठवलं. पुलावर उभं राहून एक पाय महाराष्ट्रात, एक गोव्यात, आणि खिदळणं. त्याच पाण्यापलीकडे माझ्या आजीचा भाऊ टोपी काढून उभा होता. त्या रीलवाल्यांना हे माहीत असण्याचं कारण नाही, कळतं मला. तरी पोटात कालवलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर काही दिवसांनी आजी होडीत बसली, माझे वडील तेव्हा पाच वर्षांचे, तिच्या मांडीवर. माहेरच्या घरात शिरली, कोणाशी न बोलता आत गेली आणि बापाच्या रिकाम्या खाटेवर बसली. तेव्हा रडली म्हणे. बाप जाऊन चार वर्षं झाल्यावर.

आणि मे २०२० मध्ये ती स्वतः गेली तेव्हा पुलावर बॅरिकेड. लॉकडाऊन. तिच्या भावाचे मुलगे पुलाच्या त्या टोकापर्यंत आले, पोलिसांनी अडवलं. पोलिसांची चूक नव्हती, त्यांना हुकूम होता. मी मोबाइल धरून उभी होते आणि पालयेची माणसं त्या एवढ्याशा पडद्यात आजीला बघत होती. मधेच रेंज गेली. सीमा म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

म्हणून तो एक शब्द एवढा झोंबला. त्या पोराची आजी कुठली असेल, असा विचार दिवसभर करतेय. पेडणे तालुक्यातल्या घरात एक तरी सून अलतडची निघतेच. कदाचित तिचीही कोणी वाट बघितली असेल काठावर. घरात कोणी सांगितलंच नसेल त्याला. फेरीबोट गेली, पूल आला, पाच मिनिटांत माणूस पार होतो, नदीकडे बघायचं कारणच उरलं नाही. तरुण आहे, कोणीतरी डोक्यात भरवलंय, हेही कळतं. सकाळी जेवढा राग आला होता तेवढा आता नाही. पण शब्द मी विसरणार नाही.

येताना काकी माझ्या मागे बसली होती, रिकामी पाटी मांडीवर. तिसऱ्या सगळ्या गेल्या होत्या. शेवटचे दोन वाटे सकाळी मान वर न करणाऱ्या बायकांतल्याच एकीने घेतले. पैसे देताना म्हणे तिने काकीचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. मी पाहिलं नाही, काकीने सांगितलं. पुलाच्या मधोमध आल्यावर मी विचारलं, "काकी, परत जाशात थंय?"

ती खाली पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "परवा सुकती बरी आसा. सकाळी लवकर ये गो माका घेवक."