‘बर्फच पडत नाही, मग स्पोर्ट्स कारला हिवाळी टायर कशाला?’: एका लोकप्रिय सल्ल्याचा समाचार

सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: बर्फ पडत नसेल तर हिवाळी टायर म्हणजे पैसे पाण्यात. उन्हाळी टायर रुंद आणि चिकट असतात, दोन-चार किलोमीटरांत तापतात, मग पकडीची काळजी नको. उरलेलं फोर-व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स बघून घेतात. फारच धास्ती वाटली तर मागच्या दोन चाकांना हिवाळी टायर घाला, आणि घेताना ‘एम+एस’ (म्हणजे चिखल आणि बर्फ) छाप आहे ना एवढं बघा.

यातलं पहिलं वाक्य काही ठिकाणी खरं ठरतं, म्हणूनच सगळा सल्ला पटून जातो. बाकीचा भाग गाडी खड्ड्यात घालणारा आहे.

‘बर्फ नाही म्हणजे गरज नाही’

आधी खरं काय ते. जिथे ऐन हिवाळ्यातल्या पहाटेही पारा सहसा १० अंशांखाली उतरत नाही, तिथे उन्हाळी टायर खुशाल राहू द्या. कोरड्या रस्त्यावर तर चार-पाच अंशांतही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा कमी अंतरात थांबू शकतो. त्याखाली हिवाळी टायर घाला म्हणून सगळीकडे सांगितला जाणारा ‘७ अंश’ हा आकडा म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. तो ढोबळ अंदाज आहे, आणि तुमच्या गाडीला नेमका कोणता उन्हाळी टायर आहे त्यावर तो वरखाली होतो.

पण सौम्य हिवाळा कोरडाच असतो असं कुठे आहे? उलट बहुतेक ठिकाणी तो ओलाच असतो. रिमझिम, धुकं, दव, रस्त्याला चिकटलेला पाचोळा, आणि पारा शून्य ते सात अंशांच्या मध्ये. ओल्या डांबरावर टायरला पकड मिळते ती रबर खडीच्या बारीक उंचवट्यांमध्ये दबून बसल्यामुळे. रबराचं प्रत्येक मिश्रण गार होत गेलं की एका टप्प्यानंतर लवचीकपणा सोडून ताठर व्हायला लागतं. उन्हाळी स्पोर्ट टायरचं मिश्रण गरम रस्त्यासाठी बेतलेलं असल्यामुळे हा ताठरपणा त्यात लवकर येतो. मग रबर उंचवट्यांत बसत नाही, त्यांच्यावरून घसरतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहील असं केलेलं असतं. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. ब्रेक दाबला की त्या चिरांच्या कडा उघडतात, पाण्याचा पापुद्रा फोडतात आणि रस्ता खरवडून धरतात.

फरक केवढा पडतो, हे साधं गणित करून बघा. समजा ताशी ८० किमी वेग आहे. एका टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.८ आहे, दुसऱ्याचा थंडीने उतरून ०.६ झाला आहे. पहिली गाडी साधारण साडेएकतीस मीटरांत थांबेल, दुसरीला जवळपास ४२ मीटर लागतील. जिथे पहिली थांबलेली असेल तिथून दुसरी अजून ताशी ४० किमी वेगाने पुढे जात असेल. पाव हिस्सा पकड गेली तर निम्मा वेग शिल्लक राहतो. समोर उभी असलेली गाडी त्याच वेगाने अंगावर येते.

आणि पूल. निरभ्र रात्रीनंतर डॅशबोर्ड +३ अंश दाखवत असतो, तरी पुलावरचं पाणी गोठलेलं असू शकतं. गाडीचा तापमापक हवेचं तापमान सांगतो, रस्त्याचं नाही. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो, खालची जमीन त्याला ऊब देत नाही. वर्षातून अशा चार सकाळी आल्या तरी त्या आधी कळवून येत नाहीत.

ज्यांच्या गाडीला ट्रॅकसाठीचे जवळपास गुळगुळीत टायर आहेत, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. या टायरवर खाच कमी, मिश्रण आणखी गरम रस्त्यासाठी बेतलेलं. थंड पावसात ते सर्वांत आधी नांगी टाकतात. उणे ७ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली अशा रबराला तडे जाऊ शकतात, आणि त्यासाठी गाडी वेगाने चालवावी लागत नाही. गोठलेल्या टायरवर ती नुसती ढकलली तरी पुरतं. इतके गारठलेले टायर आधी २४ तास उबदार जागी राहू द्यावेत, मगच गाडी हलवावी.

‘दोन-चार किलोमीटरांत टायर तापतो’

उन्हाळ्यात तापतो. टायरला ऊब येते ती रबर सतत वाकल्यामुळे आणि जोरात ब्रेक, जोरात वळण घेतल्यामुळे. थंड, ओल्या रस्त्यावर हे दोन्ही करायची सोय नसते. वर खाचांमधून वाहणारं पाणी असेल नसेल ती ऊब घेऊन जातं. सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की पुन्हा पहिल्यापासून. आणि घसरायचं ते बहुधा पहिल्याच वळणावर, टायर सर्वांत गार असताना.

‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’

कोरड्या रस्त्यावर बऱ्याच अंशी खरं. पाणी साचलेल्या रस्त्यावर उलटं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. हिवाळी जोडासाठी, म्हणजे चार टायर आणि रिमच्या वेगळ्या संचासाठी, एक इंच लहान रिम आणि थोडी उंच बाजू हा शहाणपणाचा मार्ग आहे. रिमला खड्ड्यांचा मार कमी बसतो आणि टायरही सहसा स्वस्त पडतात.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून आकडे नीट बघू. समजा गाडीला पुढे २५५/३५ आर १९ आणि मागे २७५/३५ आर १९ आहेत (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). पुढच्याचा व्यास ६६१.१ मिमी, मागच्याचा ६७५.१ मिमी. आता १८ इंची रिमवर पुढे २५५/४० आणि मागे २७५/४० घेतले, तर व्यास येतात ६६१.२ आणि ६७७.२ मिमी. पुढे फरक नाहीच, मागे दोन मिमी. उत्तम. पण ‘चारही सारखेच घेऊ, अदलाबदल करता येईल’ म्हणून चारही चाकांना २५५/४० घातले, तर मागचं चाक मूळ चाकापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त लहान होतं. पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याचं प्रमाण बिघडतं. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) याच प्रमाणावरून चाक घसरतंय का ते ठरवतात. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत तर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा सतत घासत राहते, तापते आणि शेवटी दुरुस्तीचं मोठं बिल हातात येतं. गाडीच्या पुस्तिकेत हिवाळी मापं दिलेली असतात. तीच घ्या.

रिम लहान करण्याआधी ब्रेक मोजा. मोठे कॅलिपर (ब्रेकची तबकडी दाबून धरणारे चिमटे) किंवा सिरॅमिक डिस्क असतील तर १८ इंची रिम आत बसेलच असं नाही. आणि नुसता व्यास पुरेसा नसतो, आऱ्यांचा बाक कॅलिपरला घासू शकतो. रिमचा ऑफसेट (बसण्याची जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते), मधल्या भोकाचं माप आणि बोल्टच्या बैठकीचा आकारही जुळला पाहिजे. शंकूच्या बैठकीत गोल बैठकीचा बोल्ट घातला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त कडेवर आणि हळूहळू सैल होतो.

‘हिवाळी टायर घातले की गाडी लोण्यासारखी होते’

हे म्हणणारे बहुधा चुकीचा हिवाळी टायर बघून आलेले असतात. हिवाळी टायर दोन घराण्यांचे. एक कडक बर्फ आणि गोठलेल्या रस्त्यांसाठीचा, फार मऊ, फार चिरांचा, वेगमर्यादा बऱ्याचदा टी म्हणजे १९० किमी किंवा त्याहून कमी. सौम्य हवामानात तो खरोखरच डुलतो, १५ अंशांत झिजतो आणि ओल्या डांबरावर निराश करतो. स्पोर्ट्स कारला तो घालू नका. दुसरं घराणं वेगवान हिवाळी टायरचं, एच (२१०), व्ही (२४०) किंवा डब्ल्यू (२७०) मर्यादेचं. मिशलिनचा पायलट अल्पिन, पिरेलीचा सोट्टोझीरो हे त्यातले ओळखीचे. यांचे ठोकळे मोठे आणि कडा भक्कम असतात. स्टीअरिंगला उत्तर थोडं उशिरा मिळतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सवय व्हायला आठवडा पुरतो.

पारा क्वचितच पाचखाली जात असेल आणि गाडी रोज लागत असेल, तर वेगवान ऑल-सीझन टायर हाही प्रामाणिक पर्याय आहे. आमचा कौल मात्र दोन जोडांकडे जातो. अशा गाडीचा उन्हाळा अर्ध्या पकडीवर काढणं पटत नाही.

वेगमर्यादेइतकाच भारांकही, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडाही, बघा. ९२ म्हणजे चाकामागे ६३० किलो, ९६ म्हणजे ७१० किलो. पुस्तिकेतल्या आकड्याखाली जायचं नाही.

‘एम+एस छाप असला की झालं’

नाही झालं. एम+एस हा छाप टायर बनवणारा स्वतः लावतो. त्यामागे बर्फावरची कुठलीही सक्तीची चाचणी नाही. बघायचं ते तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असलेलं चिन्ह. ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर संदर्भ-टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह ग्राह्य धरतात. मात्र हे चिन्ह ओल्या रस्त्याबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी टायरच्या लेबलवरची ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी वेगळी बघा.

‘मागे दोन पुरेत, बाकी इलेक्ट्रॉनिक्स बघेल’

मागे हिवाळी आणि पुढे उन्हाळी टायर असले की गाडी जागेवरून सुटते छान, वळत आणि थांबत मात्र नाही. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवरच येतो. उलट केलं तर शेपूट पुढे येते. चारही एकाच जातीचे हवेत. फोर-व्हील ड्राइव्ह सुटायला मदत करतो, थांबायला नाही. आणि ईएससी, म्हणजे गाडी घसरू लागली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आहे ती पकड चार चाकांत वाटते, नवी पकड तयार करत नाही.

‘दोन जोड म्हणजे दुप्पट खर्च’

एक जोड चालतो तेव्हा दुसरा झिजत नाही. जास्तीचा खर्च येतो तो रिम, हवेच्या दाबाचे सेन्सर आणि साठवणुकीचा. सेन्सर गाडीच्या फ्रिक्वेन्सीचेच घ्या, नाहीतर डॅशबोर्डचा दिवा सगळा हिवाळा जळत राहील.

हवा भरताना टायर गार हवेत. दर १० अंशांना दाब साधारण ०.१ बार उतरतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेला टायर शून्य अंशांत ०.२ बारहून जास्त कमी दाखवेल, म्हणून बाहेरच्या गारव्यात पुन्हा मोजा. हिवाळी टायरची खाच ४ मिमीवर आली की तो बदलायचा, १.६ मिमी ही बऱ्याच देशांत कायद्याची सीमा आहे, पण ४ च्या खाली चिरांचं काम जवळपास संपलेलं असतं. स्पोर्ट्स कारची चाकं वरच्या बाजूला थोडी आत कललेली असतात, म्हणून खोली आतल्या कडेला मोजा, बाहेरची कडा फसवते. चाकं चढवल्यावर बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरावीक जोरावर) आवळा, ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. उतरवलेल्या प्रत्येक टायरवर आतल्या बाजूने खडूने ‘पुढे डावं’, ‘मागे उजवं’ असं लिहून ठेवा, आणि टायर उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवा.