म्हणे, फायनल पाच गेम जाणारच!

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला. "मामा, हे बघ, शंभर टक्के खरं आहे." खाली हातभर लांब फॉरवर्ड: 'ई-स्पोर्ट्सची (म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धांची) सिरीज किती चालणार हे आधीच ओळखा.' शेवटी व्हीआयपी ग्रुपची लिंक, महिना ४९९ रुपये. पोरगा बारावीत आहे आणि पैसे भरून बसलाय, म्हणून हे लिहितोय. नाहीतर असल्या कचऱ्याला उत्तर द्यायला वेळ कुणाला आहे?

मुख्य दावा असा: लीग ऑफ लेजेंड्स या कॉम्प्युटर गेमच्या वर्ल्ड्सची, म्हणजे जागतिक स्पर्धेची, फायनल बेस्ट ऑफ फाइव्ह असते (पाचपैकी तीन गेम आधी जिंकेल तो विजेता) आणि जास्त जाहिराती दाखवता याव्यात म्हणून आयोजक ती पाचव्या गेमपर्यंत ताणतातच. पुरावा? २०२१, २०२२, २०२४, २०२५. चारही ३-२.

आकडे बरोबर आहेत, नाइलाजाने कबूल. पण मधलं २०२३ कुठे गेलं? त्या वर्षी सोलमध्ये टी-वन संघानं वेइबो संघाला ३-० असं गुंडाळलं, म्हणून ते वर्षच गाळलं. आणखी मागे गेलात तर २०१७, २०१८, २०१९, सलग तीन फायनल ३-०. तेव्हा काय जाहिरातींचा कंटाळा आला होता? भाच्याला म्हटलं, वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आख आणि २०१२ पासूनच्या सगळ्या फायनल विकिपीडियावरून टाक. दहा मिनिटांचं काम. तीन गेममध्ये संपलेल्या पाच, चारमध्ये चार, पाचमध्ये पाच. फोनवर जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

नाणं उडवूनही असंच काहीसं निघेल. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ धरले तर सिरीज तीन गेममध्ये संपण्याची शक्यता २५ टक्के, चारमध्ये साडेसदतीस, पाचमध्येही साडेसदतीस. एक संघ वरचढ असेल, प्रत्येक गेम जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के असेल, तरी पाचवा गेम होण्याची शक्यता २६ टक्के उरतेच. यात 'जाणारच' कुठे बसतं ते त्या ॲडमिनलाच ठाऊक.

फॉरवर्डमधला पुढचा दावा, सिरीजला लागणाऱ्या वेळेचा: 'कुठलाच गेम चाळीस मिनिटांवर जात नाही, म्हणून गेम गुणिले चाळीस.' २०१८ मध्ये कोरियात जिन एअर आणि एसके टेलिकॉम टी-वन या संघांचा एकच गेम ९४ मिनिटं चालला होता. आणि दोन गेमच्या मधला ड्राफ्ट (संघांनी आपापली पात्रं निवडणं), ब्रेक, तांत्रिक पॉज या गुणाकारात कुणी धरायचे?

'०-२ झालं की तिसऱ्यात खेळ खलास.' २०२२ च्या क्वार्टर फायनलमध्ये डीआरएक्स हा संघ ०-२ नं मागे होता, ३-२ नं जिंकला, पुढे वर्ल्ड्सही नेली. पुढचा मुद्दा.

'मॅचेस फिक्स असतात' यात अर्धं सत्य आहे. २०१० मध्ये कोरियात स्टारक्राफ्ट या दुसऱ्या कॉम्प्युटर गेमचे खेळाडू मॅच फिक्सिंगमध्ये पकडले गेले, कायमची बंदी आली. पण त्यांचं संधान होतं सट्टेवाल्यांशी. जाहिरातीच्या वेळेसाठी कुणी हरलं नव्हतं.

आता ज्यानं डोकं फिरलं ते. फॉरवर्डमध्ये लिहिलंय: 'केंद्र सरकारने २०२५ मध्ये ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, म्हणून प्रेडिक्शनही (निकालावर पैसे लावणंही) कायदेशीर.' मान्यता दिली, खरंय. पण ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या त्याच ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. ई-स्पोर्टची व्याख्या तर साफ सांगते की त्यात कुणीही पैज लावलेली चालणार नाही, मग तो खेळणारा असो वा नुसता बघणारा. म्हणजे ज्या कायद्याचा हवाला देऊन पोरांना ओढतायत, त्याच कायद्यानं हे दार बंद केलंय. आणि व्हीआयपी ग्रुपमध्ये पहिलाच पिन केलेला मेसेज कशाचा? एका बेटिंग ॲपच्या रेफरल कोडचा. ४९९ ही नुसती उंबरठ्यावरची दक्षिणा, खरी वसुली आत गेल्यावर.

काल भाच्यानं ग्रुपमध्ये एवढंच विचारलं, "२०२३ का नाही घेतलं?" दोन मिनिटांत त्याला रिमूव्ह केलं. पैसे गेले ते गेलेच. ताईला अजून सांगितलेलं नाही.