सातवी वायर

आमच्या गच्चीवरून सहा काळ्या वायरी जातात, पण त्यांतली एकही आमची नाही. बेळगावातल्या शहापूरची गल्ली अरुंद. अख्ख्या शेजाराचं इंटरनेट आमच्या पापडांवरून जातं. लेकीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा ठरवलं, सातवी वायर आपली.

चौकशीला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर गेलो. तिथले एक काका म्हणाले, "आमचं तेवढं घेऊ नको गा. आठवड्यात दोनदा जातंय."

"मग बदलत का नाही?"

"दुसऱ्याचं तीनदा जातंय नव्हं!"

मग मोठ्या कंपनीचा कागद वाचला. शंभर एमबीपीएस! लेकीनं लगेच हवा काढली. हे मेगाबिट आहेत बाबा, आठानं भागा. राहिले साडेबारा मेगाबाइट. पैशाचं मात्र उलटं, त्यात १८ टक्के जीएसटी मिळवायचा. शिवाय वेगवान म्हणतात त्या पाच गिगाहर्ट्‌झच्या वायफायला जाड भिंत सोसत नाही, आणि आमच्या आजोबांनी भिंती हातभर जाडीच्या बांधल्यात. त्यांना काय ठाऊक, पणती माजघरात बसून लेक्चर ऐकणार म्हणून.

तरी पैसे भरले. जोडणी होईना, म्हणून फोन लावला. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. मराठीला बटण नाही. १९५६ ला बेळगाव कानडी राज्यात गेलं, तेव्हापासूनची सवय असल्यानं मी मुकाट्यानं एक दाबलं. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "नाळे बर्तारे सर." उद्या येतील. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कर्नाटकात पूर्वी भूत दार वाजवायला आलं तर परत जावं म्हणून दारावर 'नाळे बा' लिहीत. उद्या ये! भूत रोज वाचायचं आणि रोज परत जायचं. मीही आठ दिवस गेलो. नवव्या दिवशी पैसे परत मागितले. तेही नाळे.

शेवटी गल्लीतल्या केबलवाल्या पोराला गाठलं. त्याला ना कागद, ना बटणं. खांद्यावर शिडी घेऊन आला, मोरीच्या खिडकीतून वायर आत घेतली, डबा माजघरातच ठोकला आणि चहा पिऊन गेला. बायको म्हणाली, "हाक मारली की येणारा हवा. वेग काय चाटायचाय?" तीन महिने झकास चाललं.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळी डब्यावर लाल दिवा लागला. पोराला फोन केला. मागे ढोल-ताशा इतका दणाणत होता की मलाही ओरडावं लागलं.

"काका, नेट गेलंय नव्हं? ठावं हाय मला!" तो म्हणाला. "आमच्याच मंडळाच्या गणपतीच्या मुकुटात वायर अडकली. बांबूनं उचलत हुतो मीच, पण हात सुटला. कपिलेश्वर तलावात सोडून येतो, मग जोडतो!"

बेळगावची मिरवणूक संपायला दुसरा दिवस उजाडून वर येतो. म्हणजे हाही नाळेच. फरक एवढाच, की याला रागवायचं तर आधी 'मोरया' म्हणावं लागत होतं.