नेलपॉलिश लावली तरी तांब्याची तार काळी पडतेच

ठाणे-नवी मुंबईत मण्यांचे दागिने बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘तांब्याच्या तारेला पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या, दागिना कधीच काळा पडणार नाही, कानही हिरवे होणार नाहीत.’ हे खरं नाही. कृपया यावर विसंबून गिऱ्हाइकाला हमी देऊ नका.

नेलपॉलिशचा थर कडक, तार मात्र वाकते. आधी लावून मग गोल तोंडाच्या पकडीने कडी वळवली, की बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडतात. दागिना झाल्यावर लावली, तर वेढ्यांच्या आत ब्रश पोचतच नाही. खाडीकाठची दमट हवा आणि घाम नेमका तिथूनच शिरतो. कानातल्या आकड्यावरचा थर तर घालता-काढतानाच घासून जातो. पितळेतही तांबं असतंच, तिथेही हेच.

आकडा ०.८ मिमी जाडीच्या ९२५ चांदीचा (म्हणजे ९२.५ टक्के चांदी असलेल्या तारेचा) करा. चांदी काळवंडली तरी पुसता येते. ‘जर्मन सिल्व्हर’ नकोच. त्यात चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि निकेलने अनेकांना खाज सुटते. वेढ्यांसाठी कारखान्यातच लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) चढवलेली ०.४ मिमीची तार घ्या आणि नायलॉनच्या जबड्याच्या पकडीने वळवा. दातेरी पक्कड थर खरवडते. नुसता गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) सांगून तार घेऊ नका: २४ गेज अमेरिकन मापात ०.५१ मिमी, ब्रिटिश मापात ०.५६. मोत्याच्या बारीक भोकात एवढ्या फरकानेही तार अडते.

आधी लावलेली नेलपॉलिश अ‍ॅसिटोनने निघते, पण अ‍ॅक्रिलिकचे मणी त्यात विरघळतात. ते आधी उतरवून घ्या.